बेटावरचे चार दिवस

२ जानेवारी १९६९

साहेबाला नव्या सालाच्या डायऱ्या आल्या. त्यातली एक मॅडमने मला दिली. "लिखो झुंबर, कुछ भी लिखो," म्हणाली. मी चौथीपर्यंत शिकलेलो, त्यातही दर साली अर्धी शाळा उसाच्या फडात बुडाली. काय लिहावं सुचेना म्हणून आधी आपलं नावगाव लिहितो. झुंबर, तालुका पाथर्डी, जिल्हा नगर. हल्ली मुक्काम तारापूर. इथं विजेचं अणूचं केंद्र उभं राहतंय, त्या कामावर आलेल्या एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यात वरकामाला आहे. त्याआधी आमच्या गावच्या आनंदाबरोबर साइटवर लोखंड वाहिलं, त्याच्याआधी बोईसरच्या रस्त्यावर डांबर टाकलं. एका ठिकाणी माझा पाय टिकत नाही, असं आई म्हणायची. ती खरं बोलायची.

५ जानेवारी

आज मॅडमने व्हरांड्यातल्या टेबलावर एक मोठा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, "देखो." बोट ठेवलं तिथं निळ्या समुद्रात एक बेट होतं, वाळत घातलेल्या कातड्यासारखं. त्रिनिदाद. म्हणजे वेस्ट इंडीज, जिथले काळे बोलर आपल्या लोकांची डोकी फोडतात तेच. तारापूरचं काम संपलं की साहेब आणि मॅडम तिकडं सुट्टीला जाणार आहेत.

मॅडमचं हिंदी माझ्या हिंदीसारखंच आहे, दोघांचंही उसनं, त्यामुळे आमचं जमतं. ती म्हणाली, सगळे लोक तिथं जाऊन रेतीवर पडतात आणि दारू पितात. "रेती तो इधर भी है." आणि बंगल्यामागच्या समुद्राकडे बघून तोंड वाकडं केलं. तिला बेटाच्या आतलं बघायचं आहे. डोंगर, बाजार, रानं. एक डांबराचं तळं आहे म्हणे, जमिनीतून आपसूक वर येतं, आणि माणसं त्याच्यावरून चालत जातात.

मी म्हटलं, मॅडम, मी डांबरात काम केलंय. पाय जळतो.

"ये ठंडा है," म्हणाली.

थंड डांबर. दिवसभर तेच डोक्यात.

१४ जानेवारी

संक्रांत. मॅडमला तीळगूळ दिला, तिने दाताखाली धरून "हार्ड" म्हटलं आणि तरी सगळा खाल्ला. साहेबाने बशीत तसाच ठेवला.

आज मॅडमने सांगितलं की त्या बेटावर आपले हिंदू लोक राहतात. शंभर वर्षांपूर्वी जहाजात भरून नेलेले. दारापुढं बांबू रोवून त्याला लाल-पिवळ्या झेंड्या लावतात. मी विचारलं, कशाला नेले? ती पुस्तकात शोधून म्हणाली, "गन्ना काटने."

मला हसू आलं, मग आलं नाही. एवढा समुद्र ओलांडून ऊसच तोडायला?

मंगला, म्हणजे माझी बायको, या घडीला कोपरगावकडच्या फडात आहे. दिवाळीला गेलो होतो तेव्हा तिला सांगितलं होतं की यंदा जाऊ नको. ती म्हणाली, मग खायचं काय, तुमचा फोटू? गेल्या हंगामात तिचं पोट फडातच पडलं. मोळी डोक्यावर होती. त्याच्यावर जास्त लिहायचं नाही. यंदा परत दिवस राहिलेत, आनंदाचा भाऊ सांगत आला.

२० जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहितो.

मॅडम बेटाचे दिवस ठरवत होती. पहिला दिवस बंदराच्या शहरात, बाजार बघायचा. दुसरा दिवस डांबराचं तळं. तिसरा दिवस उसाच्या गावांत, झेंड्यांच्या घरी. मी कपड्यांना इस्त्री करत होतो. ती हसून म्हणाली, "झुंबर, तुम भी चलो. उधर तुम्हारा लोग से कौन बात करेगा? तुम करेगा."

इस्त्री हातातच राहिली. मी म्हटलं, सच?

"सच. व्हाय नॉट?"

रत्नाबाई मागच्या पायरीवर कपडे धुते. तिचं माहेर एडवणचं, भावाची पानवेलीची वाडी आहे, तिच्याकडे कायम पानं असतात. तिच्याकडून दोन पानं घेतली, सुपारी-कात घातला, विडा केला आणि मॅडमपुढं धरला. मॅडमने तो घेतला. पूर्ण खाल्ला. ओठ लाल झाले तेव्हा आरशात बघून हसत सुटली. मी इतक्या दिवसांत तिला अशी मोकळी हसताना बघितलंच नव्हतं.

विडा घेतला म्हणजे ठरलं.

२१ जानेवारी

रत्नाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "सायबाला इचारलास?"

तिला आमच्याकडची रीत ठाऊक नाही. आमच्याकडे ऊसतोडीला एकटं माणूस घेत नाहीत, नवरा-बायकोची नाहीतर दीर-भावजयीची जोडी घेतात. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादम विडा देतो, तो जोडीतल्या एकाने घेतला की दोघंही बांधले गेले. दुसऱ्याला परत विचारायचं नसतं. विचारलं तर पहिल्याच्या शब्दाला किंमत नाही असा अर्थ होतो, त्यावरून आमच्या गावात काठ्या निघाल्यात. मॅडमने विडा घेतल्यावर मी साहेबाला विचारायला जाणं म्हणजे तिचा अपमान.

रत्नाबाई धुणं आपटत म्हणाली, "ती गोरी मानसं हायत रं बाबा. तेंचा कोयता नाय, नि गवताचा विला पण नाय."

"माणूस माणूसच असतो," मी म्हटलं.

"बरा. जा मंग. येताना माला एक झेंडी आन."

४ फेब्रुवारी

आनंदा बेटेगावला खोली घेऊन राहतो, आज त्याच्याकडे गेलो. केंद्रात कायमची भरती निघाली आहे, हेल्परांची. ज्यांनी साइटवर काम केलंय त्यांना आधी घेणार. सव्वीस तारखेला स्वतः हजर राहायचं, अंगठा-सही, छाती मोजणं, सगळं त्याच दिवशी. घेतलं तर पुढं कॉलनीत खोली.

आनंदा म्हणाला, "झुंबऱ्या, आपल्या दोघांची नावं हायेत. म्या भरतीच्या हापिसातल्या क्लार्काला धरून घातलीत. मंगलावैनीला बाळंतपणाआधी हिकडं आणता यील. फडात परत न्यायची का तिला?"

मी त्याला बेटाचं सांगितलं.

"किती दिवस?"

"महिनाभर धर."

"आन् मंग?"

"मग साहेब बघेलच की. एकदा बरोबर नेलं म्हटल्यावर सोडतोय का? अमेरिकेला नेईल."

"येडा का खुळा तू? आरं, ती लोकं बोलत्यात. बोलायला काय जातंय?"

मी चिडून उठलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला होता तोही घेतला नाही.

५ फेब्रुवारी

मंगलाला कार्ड टाकलं. फडावरचा कारकून वाचून दाखवतो. लिहिलं की चैत्रात तुला फडातून काढतो, पक्कं समज. कसं काढतो ते लिहिलं नाही. कार्डात जागा नव्हती.

खोटं कशाला, जागा होती.

११ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर मला जायचंय. मंगलाचं नाव पुढं करतो एवढंच. कायमची नोकरी म्हटलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. तोच भोंगा, तीच टोपी, केस पिकेपर्यंत. आणि दुसरीकडं ते बेट. तिथं मला कोणी पाथर्डीचा म्हणून ओळखणार नाही. झेंडीवाल्या घरातली म्हातारी विचारेल, कुठून आलास बाबा, आणि मी तिला सांगेन. तिच्या आजाने सोडलेला देश मी तिला सांगेन. मॅडम शेजारी उभी राहील.

पण मग मंगलाचं पोट आठवतं आणि हे सगळं फार लाजिरवाणं वाटतं.

दोन्ही जमेल. जमायला पाहिजे.

१५ फेब्रुवारी

आज चौथा दिवस ठरला. चौथ्या दिवशी सांजेला होडीने दलदलीत जायचं. तिथं लाल पाखरं राहायला येतात. एक-दोन नाही, थवेच्या थवे, पार कुंकवासारखी लाल. हिरवं झाड बघता बघता लाल होतं. मॅडम सांगत होती तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. "तब कोई बात नहीं करेगा," म्हणाली. "हम लोग चुप बैठेगा. तीनों."

तीनों म्हणाली. मी मोजला गेलो.

तेवढ्यात साहेब आला. लवकर आला होता. नकाशा बघून काहीतरी म्हणाला, मॅडमने उत्तर दिलं, मग तो मोठ्याने एकच शब्द बोलला आणि आत गेला. आतून पेला फुटल्याचा आवाज. मी झाडू घेऊन धावलो तर मॅडम म्हणाली, "छोड दो." तिने नकाशाची घडी घातली. घडी नीट बसेना, चुकीच्या रेघेवर दुमडत होती. मी मदतीला गेलो तर हात बाजूला केला.

साहेबाला होडीची भीती वाटत असेल. कितीही मोठा साहेब असला तरी कोणाकोणाला पाण्याची वाटते.

१८ फेब्रुवारी

रत्नाबाई आज धुणं वाळत घालताना म्हणाली, "तुला एक सांगू? ती बाय एकली हाय. भिंतीशी बोलंल त्याच्या बदली तुज्याशी बोलते. आमी बाया वलखतो."

मी म्हटलं, "तुला नेणार नाहीत म्हणून जळतेस."

ती रागावली नाही. तेच वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर नकाशा बाहेर आला नाही. मॅडम दुपारी झोपून असते. मी मुद्दाम टेबल पुसून ठेवतो, चार कप मांडून ठेवतो. ती बघते आणि कप उचलायला सांगते.

पाचव्या दिवशी काय, हे विचारायचं होतं. धीर झाला नाही.

२६ फेब्रुवारी

आज भरती होती. मी पालघरला गेलो.

परदेशी जायला पासपोर्ट लागतो आणि त्याला फोटो लागतो, एवढं मला कळतं. मॅडमने सांगितलं नव्हतं, पण आपण आपल्या तयारीत असावं. दिवस दुसरा निवडता आला असता. मी आजचाच निवडला. आज इथं राहिलो असतो तर आनंदाने दंडाला धरून रांगेत उभं केलं असतं, आणि रांगेत उभं राहिलो असतो तर सही केली असती. मला माहीत आहे.

पालघरच्या बाजारात तात्या म्हणून फोटोवाले आहेत. त्यांच्याकडचा एक कोट सगळ्या गिऱ्हाइकांना बसतो, मागून चिमटे लावतात.

"लग्नाचा का नोकरीचा?"

"पासपोर्टाचा."

"ओहो! कुठे निघाली स्वारी?"

"वेस्ट इंडीज."

तात्यांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "अरे मग बॅट कुठाय?"

बाकावर बसलेले दोघं हसले. मीही हसलो. "हलू नका पाहुणे," तात्या म्हणाले, "तिकडं गेल्यावर हला."

परत आलो तेव्हा आनंदा फाटकापाशी उभा होता. त्याच्या बोटाला शाई होती. "तुजं नाव तीनदा पुकारलं," एवढंच म्हणून सायकलवर टांग टाकून गेला.

१९ मार्च

पाडवा. बंगल्यात गुढी उभारली नाही, विचारणार कोणाला. आनंदा कामावर रुजू झाला, असं रत्नाबाईकडून कळलं. माझ्याशी बोलत नाही.

चैत्र लागला.

२ एप्रिल

लाकडी खोकी आली आहेत. दोन ढीग लावायला सांगितले, साहेबाचं सामान वेगळं आणि मॅडमचं वेगळं. एका घरचं सामान वेगळं का, ते समजलं नाही. बेटावर दोघांना वेगवेगळ्या खोल्या देत असतील.

माझ्या सामानाबद्दल कोणी काही म्हटलं नाही. माझं आहे तरी किती.

८ एप्रिल

संध्याकाळी साहेब एकटाच व्हरांड्यात होता. तीन दिवसांवर निघणं आलं, आता थांबून चालणार नव्हतं. रीत मोडतोय हे कळत होतं. तरी गेलो आणि पाकिटातून फोटो काढून त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, "साब, आयलंड. माय पासपोर्ट."

त्याने फोटो उचलून बघितला. "व्हॉट आयलंड?"

मी म्हटलं, त्रिनिदाद. मॅडम, साब, मी.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने आत बघून हाक मारली आणि मॅडम दारात आली. दोघं इंग्रजीत बोलले, हळू, दमल्यासारखे. मग साहेबाने मला साइटवरच्या माणसाला सांगतात तसं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. तो दुसऱ्या देशात दुसऱ्या कामावर जाणार. मॅडम अमेरिकेत तिच्या बहिणीकडे जाणार. बेटावर कोणीच जाणार नाही. फोटो परत माझ्या हातात दिला आणि खांद्यावर थोपटून आत गेला. वाईट माणूस नाही तो.

मॅडम दारातच उभी होती.

"तुम सच समझा?"

मी म्हटलं, आपने पान खाया.

तिला ते कळलं नाही. कसं कळणार? तिने डोळे पुसले, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैं भी."

मैं भी काय, ते मला अजून समजलेलं नाही.

९ एप्रिल

भरतीच्या ऑफिसात गेलो. क्लार्क चांगला माणूस होता, बसायला सांगितलं, वही उघडून बघितली. म्हणाला, "नाव होतं तुझं. आला का नाहीस?"

पालघरला गेलो होतो, म्हटलं.

"दवाखान्यात?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच माहीत नाही.

"आता जागा भरल्या रे," म्हणाला.

११ एप्रिल

गेले. दोन गाड्यांतून गेले. मॅडमने जाताना हात हातात घेतला, तिचा हात गार होता. बंगल्यात मुंबईचे एक अधिकारी येणार आहेत, त्यांचा गडी त्यांच्याबरोबर आहे.

जेवलो नाही.

१४ एप्रिल

रत्नाबाईने चिंचणीला तिच्या सासरच्या वाडीतली पाचोळ्याची खोप दिली आहे, पावसाळ्यापर्यंत. रहाटाला हात लावायचा, बदल्यात राहायचं. ती काही बोलून दाखवत नाही. "झेंडी ऱ्हायली माजी," एवढंच एकदा म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली.

दिवसभर वाडीत पाणी फिरवतो. संध्याकाळी काहीच करावंसं वाटत नाही. मरावंसं वाटतं असं लिहिलं होतं, ते खोडलं. मंगलाला कार्ड टाकलं पाहिजे. येऊ नको म्हणून. उद्या टाकतो.

२० एप्रिल

टाकलं नाही.

२७ एप्रिल

मंगला आली.

मी रहाटावर होतो. आनंदा तिला सायकलीवर मागं बसवून घेऊन आला. ती बोईसरला उतरली आणि सगळ्यांना माझ्या साहेबाचा बंगला विचारत पार कॉलनीच्या फाटकापर्यंत चालत गेली होती. पोट चांगलं दिसायला लागलंय. हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे, काही ताजे. मांडीवर पत्र्याची पेटी.

माझ्या कार्डावर भरवसा ठेवून ती फड सोडून आली. माझ्या धाकट्या भावाबरोबर तिची जोडी होती, ती मोडली. मुकादम म्हणाला, पुढच्या साली तुमच्या घराला विडा नाही. तिने त्याला सांगितलं, "नगंच आमाला. माजा नवरा सायबाच्या बंगल्यात हाय."

आनंदा मान खाली घालून उभा होता. त्याने तिला काही सांगितलेलं नव्हतं. जाताना मला म्हणाला, "तूच सांग. माज्यानं न्हाई झालं."

मंगलाने खोपीत वाकून बघितलं. "ह्ये सामान ठिवायचं का? घर कुटंय?"

२८ एप्रिल

सांगितलं. सगळं सांगितलं, भरतीच्या दिवशी पालघरला गेलो तेही.

तिने शिव्या दिल्या नाहीत. फोटो मागितला. बघून म्हणाली, "कोट कुणाचा?" आणि पालथा करून पेटीवर ठेवला. मग चुलीला दगड शोधायला गेली. माझ्याने जागचं उठवेना. तीनही दगड तिनेच आणले.

३ मे

आज दुपारी ती म्हणाली, समुद्र दाखवा. आयुष्यात बघितला नव्हता. चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. तिने विचारलं, "एवढंच?"

"भरती आली की जवळ येतो."

मग म्हणाली, "त्या बेटावर काय हुतं ते तरी सांगा. ज्याच्यापायी येवढं केलं ते ठावं तरी व्हईल."

टोमणा असेल असं वाटून मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

मी सांगायला लागलो. पहिल्या दिवशीचा बाजार सांगितला. दुसऱ्या दिवशीचं थंड डांबर सांगितलं, ते तिला पटलं नाही, म्हणाली, "पायाला लागत आसंल की." तिसऱ्या दिवशीची उसाची गावं सांगितली, दारापुढचे बांबू, झेंड्या, शंभर वर्षांपूर्वी जहाजाने नेलेली आपली माणसं. तिथं ती हातावरच्या खपल्या खुडत राहिली. चौथ्या दिवशीची पाखरं सांगताना माझा आवाज बारीक झाला. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. हुंकार देत होती.

मी थांबलो.

"मंग?"

"मग काय?"

"पाचव्या दिवशी?"

मॅडमने पाचवा दिवस ठरवलाच नव्हता. मनाने काहीतरी रचून सांगता आलं असतं.

मंगलाने थोडी वाट बघितली. मग लुगड्यावरची रेती झटकत म्हणाली, "पाचव्या दिवशी ती मान्सं परत फडात गेली आस्तील."

आणि उठायला माझा हात मागितला. पोटामुळे तिला एकटीला उठता येत नाही.

मी दिला.